सॉफ्टवेअर घरी दळताना: बिल्ड एन्व्हायर्नमेंटची मांडामांड



आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "हे आमच्यासाठी आहे का, की फक्त इंजिनियर मंडळींसाठी?" सुरुवातीलाच सांगतो. ज्याला टर्मिनल उघडता येतं, एक ओळ टाइप करून एंटर दाबता येतं आणि चुकीचा संदेश आला तर तो न घाबरता वाचता येतो, त्या प्रत्येकासाठी आहे. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे. आपला बराचसा वेळ तिच्यावरच जाणार आहे.

ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ कोड वाचायला, बदलायला आणि वाटायला मोकळा आहे असं सॉफ्टवेअर, हे आपण सगळे ऐकून आहोत. पण कोड मोकळा आहे म्हणून आपण तो कधी घेतो का? तयार पॅकेज घेतो, क्लिक करतो, वापरतो. त्यात चूक काहीच नाही. मीसुद्धा दहातल्या नऊ वेळा तेच करतो. आज दहाव्या वेळेबद्दल बोलू.

हा खटाटोप कशासाठी

माझ्यावर ती दहावी वेळ कशी आली ते सांगतो. आमच्या वाचनालयात जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड आहेत. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटलं की कोपरा हातात येतो. आम्ही चारपाच जणांनी मिळून त्यांचे फोटो काढले. पण फोटोत शोध घेता येत नाही. एखाद्या लेखकाचा उल्लेख कुठे आलाय हे बघायचं तर पुन्हा पानं चाळत बसायचं. म्हणून फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करायचा, म्हणजे ओसीआर करायचं, असं ठरलं.

त्यासाठी टेसरॅक्ट नावाचा प्रोग्रॅम आहे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तो घडला. रे स्मिथ हे त्याचे मूळ कर्ते. मग दहाएक वर्षं तो जवळजवळ पडून राहिला. २००५ मध्ये त्याचा कोड खुला झाला आणि २००६ पासून पुढे बरीच वर्षं गूगलने त्याचा सांभाळ केला. २०१८ मध्ये चौथी आवृत्ती आली. तिच्यात अक्षरं ओळखायला न्यूरल नेटवर्क आलं आणि देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिपीला त्याचा फार फायदा झाला. पाचवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१ ची.

आता गंमत बघा. आमच्या कॉम्प्युटरवर उबुंटू २२.०४. म्हणजे एप्रिल २०२२ चं. पाचवी आवृत्ती त्याच्या आधी आलेली. पण उबुंटूच्या कोठारात होती ४.१.१. हा काही त्यांचा आळस नव्हे. कोठार सांभाळणाऱ्यांना हजारो वस्तू एकमेकींशी जुळवून पाहाव्या लागतात, एका दिवशी दार लावून घ्यावं लागतं. पण पाचव्या आवृत्तीत आकडेमोड हलकी केली होती, मेमरी कमी लागत होती आणि आमचं यंत्र जुनं. शिवाय आम्हाला जुन्या छपाईसाठी थोडे प्रयोग करायचे होते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची पुस्तकं आठवा. "कांहीं", "नाहीं", सगळीकडे अनुस्वार. आजच्या मजकुरावर शिकलेलं यंत्र तिथे अडखळतं. ते आम्हाला सुधारून बघायचं होतं.

म्हणजे कारणं तीन झाली. हवी ती आवृत्ती तयार मिळत नाही. प्रोग्रॅममध्ये बदल करून बघायचाय. आणि तिसरं, आपण काय चालवतोय ते समजून घ्यायचंय. या तिसऱ्या कारणाकडे मी शेवटी येईन, कारण २०२४ मध्ये त्यावरून सगळ्या जगाची झोप उडाली होती.

धान्य, पीठ आणि गिरणी

सोर्स कोड म्हणजे धान्य. ते माणसाला वाचता येतं, निवडता येतं, खडे काढता येतात. बायनरी, म्हणजे जो प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालतो, ते पीठ. प्रोसेसरला पीठच लागतं. आणि पिठावरून पुन्हा धान्य काही करता येत नाही. कंपायलर ही गिरणी. तयार पॅकेज म्हणजे दुकानातली पिठाची पिशवी. ती सोयीची असते, बहुतेक वेळा चांगलीही असते. पण कुठला गहू, किती जाड दळला, त्यात काय मिसळलं, हे पिशवीवर लिहिलंय त्यावर विश्वास ठेवायचा.

आता गिरणीत खरं काय होतं? चार पायऱ्या आहेत. टेसरॅक्ट सी-प्लस-प्लस भाषेत लिहिलेलं आहे. पहिली पायरी प्रीप्रोसेसरची. कोडच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं असतं की मला अमुक हेडर फाइल हवी. प्रीप्रोसेसर ती शोधून तिथे चिकटवतो. दुसऱ्या पायरीत कंपायलर त्या कोडचं असेंब्ली भाषेत रूपांतर करतो. तिसऱ्यात असेंब्लर त्याची ऑब्जेक्ट फाइल करतो. अशा शेकडो ऑब्जेक्ट फाइली तयार होतात. चौथ्या पायरीत लिंकर त्या सगळ्या एकत्र जोडतो आणि बाहेरच्या लायब्रऱ्यांशी गाठी मारतो.

लायब्ररी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हे कपाट येतं. (हशा.) इथली लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेलं तयार काम. टेसरॅक्टला चित्र उघडायचं, काळंपांढरं करायचं, तिरकं पान सरळ करायचं, यासाठी लेप्टोनिका नावाची लायब्ररी लागते. लेप्टोनिकाला पीएनजी, जेपेग, टिफ वाचायला आणखी लायब्रऱ्या लागतात. या परावलंबनाला डिपेन्डन्सी म्हणतात. साखळी लांब असते.

चार पायऱ्या मी मुद्दाम सांगितल्या. कारण चूक आली की ती कुठल्या पायरीवर आली हे ओळखलं की अर्धं काम झालं. "हेडर फाइल सापडत नाही" म्हणजे पहिली पायरी. "अनडिफाइन्ड रेफरन्स" म्हणजे चौथी, गाठ मारायला दुसरं टोक सापडलं नाही. दोन्हींचे उपाय वेगळे.

सामान गोळा करणं

मी आता पडद्यावर टाइप करतोय, ते तोंडानेही वाचत जातो, म्हणजे मागच्या रांगेतल्यांची सोय होईल.

पहिली ओळ, सुडो ऍप्ट इन्स्टॉल बिल्ड-एसेन्शियल. या एका नावात गिरणी आली: सी आणि सी-प्लस-प्लसचे कंपायलर, मेक हा प्रोग्रॅम आणि सी भाषेच्या मूळ लायब्ररीच्या हेडर फाइली. टेसरॅक्ट पाचला सी-प्लस-प्लसचं २०१७ चं मानक समजणारा कंपायलर लागतो. म्हणून फार जुन्या उबुंटूवर हे करायला गेलात तर गिरणीच बदलावी लागते. २२.०४ वर अडचण नाही.

दुसऱ्या ओळीत गिट, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग आणि लिबलेप्टोनिका-डेव्ह. या शेवटच्या "डेव्ह"कडे नीट बघा. नवीन माणूस हमखास इथे अडतो. तो म्हणतो, "लेप्टोनिका तर माझ्याकडे आहे, मग नाही नाही का म्हणतंय?" त्याच्याकडे आहे ती चालवण्यापुरती लायब्ररी. दळण करायला तिच्या हेडर फाइली लागतात आणि त्या वेगळ्या पॅकेजात ठेवलेल्या असतात. डेबियन आणि उबुंटूत त्या पॅकेजच्या नावामागे डेव्ह लागतं, फेडोरात डेव्हेल. ही एक गोष्ट आज घरी नेलीत तरी तुमचे दोनचार तास वाचतील.

आता इतकी नावं पाठ कशी करायची? पाठ करायची नाहीत. सुडो ऍप्ट बिल्ड-डेप टेसरॅक्ट अशी ओळ दिली की उबुंटूने स्वतः तो प्रोग्रॅम बांधताना जे सामान वापरलं ते सगळं येतं. त्यासाठी सेटिंगमध्ये सोर्स कोडची कोठारं सुरू केलेली असावी लागतात. आवृत्ती थोडी जुनी असली तरी सामान बहुतेक तेच असतं. आणि एखादी हेडर फाइल सापडत नसेल, तर ऍप्ट-फाइल सर्च आणि फाइलचं नाव. ती कुठल्या पॅकेजात आहे हे कळतं.

ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक

गिट क्लोन करून कोड आणला. आत गेलो. आता लगेच दळायला बसायचं नाही. आपण जिथे उभे आहोत ती मुख्य शाखा, म्हणजे जिथे काम चालू आहे तो कोड. आज सकाळी कुणी काही अर्धवट टाकलं असेल तर ते आपल्या दळणात येईल. म्हणून ठरलेल्या आवृत्तीवर जायचं. गिट चेकआउट ५.५.०. ही सवय लावून घ्या. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की हा मजकूर कुठल्या प्रोग्रॅमने काढला, तर आकडा सांगता आला पाहिजे.

मग डॉट स्लॅश ऑटोजेन डॉट एसएच. यातून कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट तयार होते. ही पद्धत ऑटोकॉन्फची, डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली. तेव्हा युनिक्सचे इतके प्रकार होते की एकाचा कोड दुसऱ्यावर चालेल याची खात्री नव्हती. कॉन्फिगर काय करतं? तुमच्या यंत्राला प्रश्न विचारत जातं. कंपायलर आहे का? चालतो का? हे फंक्शन आहे का? लेप्टोनिका आहे का, १.७४ च्या पुढची आहे का? एकेक छोटा प्रोग्रॅम लिहून, बांधून, खरोखर चालवून बघतं. पडद्यावर "चेकिंग फॉर" अशा ओळी सरकतात त्या याच.

कॉन्फिगर अडलं तर त्याच फोल्डरमध्ये कॉन्फिग डॉट लॉग नावाची फाइल असते. ती मोठी असते, घाबरवणारी असते. तरी उघडा. कुठला छोटा प्रोग्रॅम बांधताना नेमकं काय झालं ते तिथे शब्दशः लिहिलेलं असतं.

पुढे मेक. स्टुअर्ट फेल्डमन यांनी हा १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला. एका सहकाऱ्याने चूक दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायला विसरला होता, आणि सगळी सकाळ नसलेली चूक शोधण्यात गेली. त्यातून ही कल्पना निघाली. मेक प्रत्येक फाइलची वेळ बघतो आणि जी बदलली तेवढीच पुन्हा बांधतो. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या आधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही, यावरून पन्नास वर्षं लोक कपाळावर हात मारतायत. फेल्डमन यांनी सांगितलंय की ते बदलावं असं वाटेपर्यंत डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी तसंच ठेवलं. (हशा.) डझनभर! २००३ मध्ये त्यांना मेकसाठी एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला, टॅबसकट.

मेकला डॅश जे आणि आकडा दिला की तितकी कामं एकदम चालतात. चार कोअर असतील तर चार. पण मेमरी कमी असलेल्या यंत्रावर लोभ धरू नका. प्रत्येक काम आपापली मेमरी खातं. यंत्र गोठतं किंवा कंपायलर मधेच मारला जातो आणि आपण कोडला दोष देत बसतो. तसं झालं तर आकडा कमी करून पुन्हा मेक द्या. झालेलं काम वाया जात नाही, उरलेलंच होतं.

आणि चूक आली तर? वर सरका. कंपायलर एका चुकीतून पन्नास चुका दाखवतो. आपली नजर शेवटच्या ओळीवर जाते आणि तिथे फक्त "थांबलो" असं लिहिलेलं असतं. पहिली चूक शोधा. ती सुटली की खालच्या बहुतेक आपोआप जातात.

कुठे ठेवायचं, आणि माझी फजिती

आता मी केलेला गाढवपणा सांगतो. तो टेसरॅक्टचा नव्हता, त्याआधीचा. वाचनालयाच्या त्याच यंत्रावर एक दुसरा प्रोग्रॅम चालत नव्हता. संदेश आला की ग्लिबसी जुनी आहे. ग्लिबसी म्हणजे सी भाषेची मूळ लायब्ररी. यंत्रावरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा असतो. मी म्हटलं, नवी बांधू. बांधली. आणि प्रीफिक्स दिला स्लॅश युएसआर, म्हणजे थेट सिस्टिमच्या फाइलींवर. सुडो मेक इन्स्टॉल अर्ध्यात आलं आणि सगळं थांबलं. फाइलींची यादी बघायला एलएस टाइप केलं, चालेना. सीपी चालेना. सुडो चालेना. घराचं जोतं उपसून दुसरं बसवायला गेलो आणि घरात उभा होतो.

त्या यंत्रावर तीन आठवड्यांचं तपासलेलं काम होतं. एका निवृत्त शिक्षिका रोज दुपारी येऊन पान न पान वाचून चुका दुरुस्त करत होत्या. त्याची दुसरी प्रत नव्हती. ती रात्र मी झोपलो नाही. सकाळी पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स सुरू केलं, तेव्हा डिस्कवरच्या फाइली जागेवर होत्या. त्या बाहेर काढल्या आणि यंत्र पहिल्यापासून बसवलं. बाईंना मी खरं ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "प्रत काढून ठेवायची असते ना?"

तर नियम. सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरची जागा त्याची, आपली जागा आपली. प्रीफिक्स न दिल्यास बहुतेक प्रोग्रॅम स्लॅश युएसआर स्लॅश लोकलमध्ये जातात. ती जागा आपल्यासाठीच राखलेली आहे. त्याहून बरं म्हणजे आपल्या होम फोल्डरमध्ये एक वेगळं घर करायचं. कॉन्फिगर डॅश डॅश प्रीफिक्स बरोबर, आणि त्या फोल्डरचा पत्ता. मग इन्स्टॉल करताना सुडो लागतच नाही. आणि जिथे सुडो लागत नाही तिथे आपल्या हातून मोठं नुकसान होणंही अवघड असतं. नको झालं तर तो एक फोल्डर काढून टाका.

बसवल्यावर तीन ठिकाणी लोक अडतात. पहिलं, टेसरॅक्ट डॅश डॅश व्हर्जन विचारलं तर अजून ४.१.१ सांगतं. कारण पाथमध्ये जुनं आधी सापडतं. आपल्या घराचा बिन फोल्डर पाथमध्ये पुढे आणा. तरीही जुनंच दिसलं तर बॅशने जुना पत्ता लक्षात ठेवलाय, हॅश डॅश आर दिलं की विसरतो.

दुसरं, स्लॅश युएसआर स्लॅश लोकलमध्ये बसवलंत तर "शेअर्ड लायब्ररी सापडत नाही" असा संदेश येऊ शकतो. फाइल असते, पण यंत्राने लायब्रऱ्यांची यादी आधीच करून ठेवलेली असते आणि तिच्यात नवीन नाव नसतं. सुडो एलडीकॉन्फिग दिलं की यादी नवी होते.

तिसरं, मराठीची विदा. प्रोग्रॅम बांधला म्हणजे त्याला मराठी येते असं नाही. त्यासाठी मार डॉट ट्रेन्डडेटा नावाची फाइल वेगळी आणावी लागते आणि आपल्या घरातल्या शेअर, त्यातल्या टेसडेटा फोल्डरमध्ये ठेवावी लागते. जुन्या पॅकेजबरोबर आलेली फाइल नव्या प्रोग्रॅमला दिसत नाही, कारण तो आपल्या प्रीफिक्सखालीच शोधतो. तिचे दोन प्रकार मिळतात, बेस्ट आणि फास्ट. पुढे स्वतः शिकवणी करायची तर बेस्ट घ्या, फास्टवरून पुढे शिकवता येत नाही.

उपवासाचं दळण

गिरणीत गेलेल्यांना माहीत आहे, आपल्या आधी कुणी ज्वारी दळली असेल तर आपल्या गव्हात थोडी ज्वारी येतेच. एरवी चालतं. पण उपवासाची भाजणी असली की आपण गिरणीवाल्याला सांगतो, आधी साफ कर, मगच घाल.

बिल्डचंही तसंच. माझ्या यंत्रावर बांधलं, चाललं. तुमच्या यंत्रावर त्याच ओळी दिल्या, चालत नाही. का? माझ्याकडे तीन वर्षांत साचलेल्या वीस लायब्रऱ्या आहेत आणि कॉन्फिगरने त्यातल्या चार गुपचूप उचलल्या. मलाही माहीत नाही. यावर उपाय म्हणजे कोरी जागा. पॉडमॅन किंवा डॉकर वापरून उबुंटू २२.०४ चा स्वच्छ कंटेनर उघडायचा. त्यात सुरुवातीला गिटसुद्धा नसतं. मग जे जे घालावं लागेल ते एका फाइलीत लिहीत जायचं. शेवटी ती फाइल म्हणजेच तुमची कृती. ती दुसऱ्याला दिली की त्याचंही दळण तसंच येतं. आम्ही नंतर तेच केलं. आज आमच्या गटातलं कुणीही, माझ्याशिवाय, ते सगळं पुन्हा उभं करू शकतं. माझ्या मते हेच खरं काम. प्रोग्रॅम काय, दोनतीन वर्षांत जुना होतो.

विश्वासाचा प्रश्न

आता ते तिसरं कारण. २९ मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसवर काम करणारे अभियंते. त्यांच्या लक्षात आलं की डेबियनच्या अस्थिर (अनस्टेबल) आवृत्तीवर एसएसएचने लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. आपण दुर्लक्ष केलं असतं. त्यांनी माग काढला आणि एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजमध्ये चोरदार सापडलं. आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१.

ते कसं लपवलं होतं हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं. खरा विषारी भाग चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींच्या वेषात कोडबरोबरच होता. पण तो जागा करणारी ओळ गिटमध्ये नव्हती. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या तयार गठ्ठ्यात, टारबॉलमध्ये होती, कॉन्फिगर बनवणाऱ्या एका मॅक्रो फाइलीत. म्हणजे धान्य तपासणाऱ्याला फारसं काही दिसलं नसतं. दळताना मिसळलं जात होतं. आणि एसएसएचला एक्सझेड थेट लागतही नव्हतं. काही डिस्ट्रिब्युशन्सनी एसएसएच सिस्टिमडीशी जोडलं होतं आणि सिस्टिमडीच्या लायब्ररीला एक्सझेडची लायब्ररी लागत होती. साखळी लांब असते म्हटलं ना मघाशी, ती ही.

यातून दोन सवयी घ्या. शक्य असेल तिथे कोड गिटच्या ठरलेल्या टॅगवरून घ्या आणि कॉन्फिगर स्वतः तयार करा. आपण मघाशी ऑटोजेन चालवलं ते तेच. आणि टारबॉल घ्यावा लागला तर दिलेली सही आणि चेकसम तपासा. मात्र हेही लक्षात ठेवा, एक्सझेडच्या त्या टारबॉलवरची सही खरी होती. सही माणसाची ओळख सांगते, हेतू सांगत नाही.

मग गिरणीचं काय? केन थॉम्प्सन, युनिक्सचे एक जनक, यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हाच प्रश्न मांडला. कंपायलरमध्येच खोट घातली, की लॉगिनचा प्रोग्रॅम बांधताना चोरदार घालायचं आणि पुढचा कंपायलर बांधताना हीच खोट त्यात घालायची, तर सोर्समध्ये कुठेही काही दिसणार नाही. चाळीस वर्षं झाली, प्रश्न जुना झालेला नाही.

त्यावर लोकांनी शोधलेली वाट म्हणजे पुनरुत्पादनक्षम बिल्ड. एकाच सोर्सपासून, एकाच कृतीने, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या यंत्रांवर बांधलं तर बिट न बिट तेच पीठ आलं पाहिजे. डेबियनमध्ये २०१३ पासून हे काम चालू आहे. वाटतं तितकं सोपं नाही. कुणी बायनरीत बांधल्याची वेळ लिहितो, कुणी फोल्डरचा पत्ता, कुठे फाइलींचा क्रम बदलतो. एकेक करून हे काढावं लागतं. पण ते झालं की पिशवीतलं पीठ खरंच त्याच गव्हाचं आहे का हे कुणालाही पडताळता येतं. सगळ्यांनी पडताळायची गरज नाही. काहींनी पडताळलं, आणि ज्याला हवं त्याला पडताळता येतं, एवढं पुरतं.

प्रश्नोत्तरं

(श्रोत्यांमधून: आता नव्या उबुंटूत पाचवी आवृत्ती तयार मिळते. मग हे सगळं करायचं कशाला?)

बरोबर आहे. २४.०४ मध्ये ५.३.४ मिळते. ती तुम्हाला पुरत असेल तर तीच घ्या, आणि ती नियमित अद्ययावत करा. स्वतः बांधलेल्या प्रोग्रॅमचा एक तोटा मी सांगायचा राहिलो, तो बरा आठवला. पॅकेज मॅनेजर त्याच्याकडे बघत नाही. सुरक्षेची दुरुस्ती आली तर ती आपोआप येणार नाही. घरचं जेवण करायचं म्हटलं की भांडीही आपणच घासायची. म्हणून गरज असेल तेवढंच बांधा आणि काय बांधलंय त्याची यादी ठेवा.

(श्रोत्यांमधून: मी एका यंत्रावर बांधलं आणि दुसऱ्या जुन्या यंत्रावर नेलं. "इललीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून बंद पडलं.)

तुम्ही कंपायलरला मार्च नेटिव्ह असा पर्याय दिला होता का? दिला होता ना? तो म्हणजे "याच प्रोसेसरसाठी बारीक दळ". नव्या प्रोसेसरला येणाऱ्या काही आज्ञा जुन्याला येतच नाहीत. तो पर्याय काढा, मेक क्लीन द्या आणि पुन्हा बांधा. दुसऱ्याला द्यायचं असेल तर नेहमी साध्या प्रोसेसरसाठीच बांधावं.

(श्रोत्यांमधून: सुरुवात कशापासून करू?)

टेसरॅक्टपासून करू नका. जीएनयूचा हेलो नावाचा प्रोग्रॅम आहे. तो फक्त नमस्कार करतो. त्याचा उपयोग काहीच नाही, पण त्यात कॉन्फिगर आहे, मेक आहे, इन्स्टॉल आहे, सगळा विधी आहे. तो होम फोल्डरमध्ये प्रीफिक्स देऊन बांधा. मग मुद्दाम एखादी ओळ बिघडवा आणि संदेश वाचा. चुकीचा संदेश एकदा शांतपणे वाचता आला की पुढचं सगळं सामान गोळा करण्याचंच काम आहे.

आणि सुरुवात करण्याआधी तुमच्या कामाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. त्या बाईंनी मला सांगितलेलं मी तुम्हाला सांगतो. त्या खंडांपैकी अकरा आता शोधता येतात. खाली वाचनकक्षात यंत्र चालू आहे, जाताना एखादं नाव टाकून बघा.